बाळासाठी काय घ्यावं? निर्धोक वस्तूंच्या प्रश्नाचा आढावा

खोपोलीत बाळाच्या वस्तू आज तीन वाटांनी घरात येतात. पहिली वाट बाजारपेठेतल्या मेडिकलच्या आणि जनरल स्टोअरच्या दुकानांची. दुसरी मोबाइलवरून मागवलेल्या पार्सलची. तिसरी वाट सगळ्यांत जुनी आहे: माहेरहून आलेला बाळंतविडा, आजीनं जुन्या सुती साडीची शिवलेली दुपटी, शेजारणीच्या मुलाला आखूड झालेली झबली, सहाणेवर उगाळायच्या बाळगुटीची पुडी. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या तिन्ही वाटांवर एकच शंका येऊन उभी राहिली आहे. ‘यात केमिकल नाही ना?’ असं आई दुकानदाराला विचारते, डॉक्टरांना विचारते, सासूच्या गुटीबद्दलही मनात विचारते.

या शंकेत खरं तर दोन प्रश्न आहेत. वस्तू बाळाला घातक आहे का, हा एक. ती बनवताना आणि टाकून देताना हवा-पाणी-माती बिघडते का, हा दुसरा. बाजारातली ‘नैसर्गिक’, ‘इको-फ्रेंडली’, ‘टॉक्सिन-फ्री’ ही लेबलं दोन्ही प्रश्न एकाच पुडक्यात बांधतात. पण एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. डायपर बाळाच्या त्वचेला पुष्कळसा निर्धोक असूनही नाल्यात पडला तर शेकडो वर्षं राहील. उलट गॅलेना या खनिजाचा सुरमा पूर्णपणे ‘नैसर्गिक’ असतो आणि तरीही त्यात शिसं असतं. म्हणून या आढाव्यात दोन्ही प्रश्न शक्य तिथे वेगळे ठेवले आहेत.

चिंतेचं मूळ

लहान मुलांचा वेगळा विचार का करायचा, यावर तज्ज्ञांत फारसा वाद नाही. वजनाच्या हिशेबानं बाळ मोठ्या माणसापेक्षा जास्त खातं, पितं, श्वास घेतं. ते जमिनीवर रांगतं, हाताला लागलेलं तोंडात घालतं, आणि त्याचा मेंदू घडत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पोटात गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर प्रौढांपेक्षा चार ते पाच पट अधिक शोषून घेतं.

शिशाचा उल्लेख आधी येतो, कारण आपल्याकडे चिंतेची मोजदाद त्याच्यापासून सुरू झाली. 1998-99च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं गेलं. बहुसंख्य मुलांमध्ये ते डेसिलिटरमागे 5 ते 20 मायक्रोग्रॅम निघालं. त्या काळी पेट्रोलमध्ये शिसं होतं. 2000 साली ते देशभर बंद झालं. पण त्याच सुमारास जगभर मर्यादाही खाली येत गेली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं सावधगिरीची पातळी 1991 मध्ये 10 ठेवली होती. ती 2012 मध्ये 5 झाली आणि 2021 मध्ये साडेतीन. शिशाची निर्धोक म्हणावी अशी कुठलीही पातळी सापडलेली नाही, हे आता सर्वमान्य आहे. 2020 मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या अहवालानं जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात 5 मायक्रोग्रॅमच्या वर शिसं असल्याचा अंदाज मांडला. भारताचा वाटा साडेसत्तावीस कोटी मुलांचा होता.

शिशानंतर दुसरी पिढी आली ती प्लास्टिकमधल्या रसायनांची. प्लास्टिक मऊ करणारे थॅलेट्स आणि कडक पारदर्शक प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, ही त्यांतली ठळक नावं. हे पदार्थ शरीरातल्या संप्रेरकांसारखे वागू शकतात, ही त्यांच्याबद्दलची मुख्य भीती. युरोपीय संघानं 1999 मध्ये तात्पुरते आणि 2005 मध्ये कायमचे निर्बंध घालून खेळण्यांतले काही थॅलेट्स रोखले. अमेरिकेनं 2008 मध्ये तसाच कायदा केला.

खेळणी: सर्वांत स्पष्ट प्रगती

आपल्याकडे नियमनाचं पाऊल सर्वांत ठाम पडलं ते खेळण्यांत. भारतीय गुणवत्ता परिषदेनं 2019 मध्ये बाजारातली आयात खेळणी तपासली तेव्हा जवळपास दोन तृतीयांश नमुने नापास झाले. पुढच्या वर्षी आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेलं, 2023 मध्ये 70 टक्क्यांवर. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. आयएस 9873 या मानकात टोकदार कडांपासून शिसं, कॅडमियम आणि थॅलेट्सपर्यंतच्या मर्यादा आहेत. 2023च्या सुरुवातीला भारतीय मानक ब्युरोनं देशभर छापे घालून चिन्ह नसलेली 18,600 खेळणी जप्त केली. छापा पडलेल्यांत मॉलमधली नामांकित दुकानंही होती.

नियम योग्य दिशेनं गेले, असं बहुतेक जण मानतात. मतभेद आहेत ते किमतीबद्दल आणि अपवादांबद्दल. लहान कारखानदार म्हणतात की तपासणीचा खर्च आणि कागदपत्रं मोठ्या कंपनीला परवडतात, पाच माणसांच्या युनिटला नाही. ग्राहकांच्या बाजूनं उलट प्रश्न येतो: आठवडी बाजारात, जत्रेत, एस.टी. स्टँडबाहेरच्या हातगाडीवर दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या शिट्टीवर आणि भिंगरीवर कुणाचं लक्ष आहे? खालापूर आणि कर्जत तालुक्यांच्या वाड्यांमधल्या मुलांच्या हातात मॉलमधलं खेळणं येत नाही, हातगाडीवरचंच येतं. मानकाचा धाक तिथपर्यंत सर्वांत उशिरा पोचतो.

हस्तकलेच्या खेळण्यांचा प्रश्न जास्त नाजूक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांची खेळणी आणि भौगोलिक मानांकन मिळालेली खेळणी सक्तीतून वगळली आहेत. कोकणी माणसाला लगेच सावंतवाडीची चितारआळी आठवेल. लाकडी फळं, भातुकली, भिंगऱ्या आणि पांगुळगाडे यांची ती परंपरा जपावी, यात वाद नाही. प्रश्न रंगाचा आहे. जुना कारागीर लाखेत रंग मिसळून कातावर चढवत असे; आता डब्यातला तयार रंगही वापरला जातो. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग एवढीच ठेवणारा नियम 2016 मध्ये आला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, म्हणजे रंगाच्या बाजूनं एक कुंपण आहे. पण ते दुसऱ्या प्रकारच्या, औद्योगिक रंगांना लागू नाही. खेळण्याला सूट आणि रंगाला अर्धवट नियम, अशी ही फट आहे. कारागिराला दंड न करता त्याला निर्धोक रंग स्वस्तात पुरवणं हा त्यावरचा उपाय अनेक जण सुचवतात. मला तो सर्वांत न्याय्य वाटतो, पण कुणाच्या पैशानं, हे ठरलेलं नाही.

आयएसआय चिन्हाखाली ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तो खरा की खोटा हे पाहता येतं. ही सोय फार थोड्या पालकांना ठाऊक आहे.

बाटली, वाटी-चमचा आणि तज्ज्ञांमधलं अंतर

दूध पाजण्याच्या बाटल्यांत बीपीए नको, हे भारतीय मानकानं 2015 मध्ये ठरवलं. त्याआधीही बाटल्यांच्या बाबतीत आपला कायदा जगातल्या कडक कायद्यांपैकी एक होता. शिशू दूधपर्याय, दूधबाटल्या व शिशुआहार यांचा 1992 चा कायदा 2003 मध्ये आणखी घट्ट झाला आणि या वस्तूंच्या जाहिरातीवरच बंदी आली. त्यामागची चिंता प्लास्टिकची नव्हती, जुलाबाची आणि स्तनपान सुटण्याची होती. नीट न उकळलेल्या बाटलीतून होणारा अतिसार हा रसायनापेक्षा जवळचा धोका आहे, हे बालरोगतज्ज्ञ आजही सांगतात.

बीपीएबद्दल मात्र शास्त्रज्ञांमध्येच मोठं अंतर आहे आणि ते वाचकानं समजून घ्यायला हवं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2023 मध्ये बीपीएची सोसवेल अशी रोजची मर्यादा एकदम वीस हजार पटींनी खाली आणली: शरीराच्या दर किलो वजनामागे 0.2 नॅनोग्रॅम. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेनं त्याच पुराव्यावरून 200 नॅनोग्रॅमचा आकडा दिला. दोन जबाबदार संस्थांच्या उत्तरांत हजार पटींचा फरक आहे. कुणी खोटं बोलतंय असं नाही. प्राण्यांवरच्या कुठल्या प्रयोगाला किती वजन द्यायचं, यावर त्यांचं एकमत नाही. युरोपीय संघानं पुढे 2024 च्या अखेरीस अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदी घातली, म्हणजे धोरणानं सावध बाजू निवडली.

‘बीपीए-फ्री’ लिहिलं की प्रश्न संपतो का? बीपीएच्या जागी अनेक वस्तूंत बीपीएस, बीपीएफ हे त्याचेच चुलत भाऊ आले आणि त्यांचा अभ्यास बीपीएहून कमी झाला आहे. शिवाय 2020 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की पॉलिप्रॉपिलिनच्या बाटलीत गरम पाण्यानं दूध तयार केलं की प्लास्टिकचे सूक्ष्म कण मोठ्या संख्येनं दुधात उतरतात. पावडरीचं दूध पिणाऱ्या बाळाच्या पोटात जगभराच्या सरासरीनं दिवसाला सुमारे 16 लाख कण जातात, असा त्यांचा अंदाज होता. या कणांनी नेमकं काय होतं, ते अजून कुणी ठामपणे सांगू शकत नाही.

वरचं दूध द्यावंच लागलं तर वाटी-चमच्यानं द्या, असं आपल्याकडे डॉक्टर फार पूर्वीपासून सांगत आले. जुन्या घरांत चांदीचं बोंडलं असे. स्टीलची वाटी उकळता येते, फुटत नाही, दोन बाळांना पुरते आणि मोडीतही जाते. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच निघावं अशा वस्तू फार थोड्या आहेत, आणि ही त्यांतली एक. अट एवढीच की बाळाला भरवायला घरात माणूस हवं. एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या आईनं बाटली का निवडली, याचा न्याय करणं सोपं नाही.

पावडर, तेल आणि ‘घरचं’

महाराष्ट्रात या विषयावरचा सर्वांत गाजलेला खटला बाळाच्या पावडरीचा आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्याचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं 2013 मध्ये एकदा रद्द केला होता. 2007 मधल्या पंधरा बॅचेस निर्जंतुक करायला इथिलीन ऑक्साइड वापरल्याचं कारण होतं. तेव्हाही न्यायालयानं उत्पादन चालू ठेवायला परवानगी दिली. सप्टेंबर 2022 मध्ये पुणे आणि नाशिकचे नमुने सामूच्या निकषावर नापास ठरल्यामुळे परवाना पुन्हा रद्द झाला. मुंबई उच्च न्यायालयानं फेरतपासणी करवली, नमुने निकषात बसले, आणि 11 जानेवारी 2023 रोजी न्यायालयानं प्रशासनाचे आदेश रद्द केले. नमुने 2018 मध्ये घेतलेले असताना कारवाईला लागलेला वेळ हा न्यायालयाच्या नाराजीचा मोठा भाग होता.

या प्रकरणातून दोन उलट निष्कर्ष काढले जातात. प्रशासन अतिरेकी वागलं, असं एक पक्ष म्हणतो. तपासणीला चार वर्षं लागत असतील तर ती वेळेत बाळाच्या कामी येत नाही, असं दुसरा म्हणतो. मला दुसऱ्या मुद्द्याकडे अधिक लक्ष जावंसं वाटतं, कारण तो कुठल्याही एका कंपनीपुरता नाही. मधल्या काळात कंपनीनं जगभर टाल्क सोडून मक्याच्या पिठाची पावडर आणली. जुलै 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं टाल्कला ‘बहुधा कर्ककारक’ या गटात टाकलं. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला या सगळ्याहून साधा आहे: पावडर कुठलीही असो, बाळाला तिची गरज नाही, आणि तिची धूळ श्वासात जाते.

तेलाची गोष्ट आशादायक आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांचा 2005 मध्ये ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’मध्ये छापलेला अभ्यास नारळाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन नारळाच्या तेलाच्या मालिशीनं अधिक वेगानं वाढलं. कोकणातल्या आजीचं तेल इथे प्रयोगशाळेत उतरलं आणि पास झालं.

पण आजीच्या सगळ्याच गोष्टी पास होत नाहीत, हे मायेनं पण स्पष्ट सांगावं लागतं. घरच्या दिव्याच्या काजळीचं काजळ सुरम्यासारखं शिशाचं नसतं, तरी बोटानं डोळ्यात घातलं की संसर्ग होतो, आणि बाजारच्या काजळाची खात्री नाही. बाळगुटीतलं वेखंड घ्या. त्यातल्या बीटा-ॲसारोन या घटकामुळे अमेरिकेनं 1968 मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली. आयुर्वेदाचे वैद्य त्यावर म्हणतात की आपल्याकडे मात्रा एका वेढ्याची, शोधनाची पद्धत वेगळी, आणि खाद्यपदार्थातल्या अर्कावरून गुटीचा निकाल लावू नये. हा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. अडचण अशी की एका वेढ्यात नेमकं किती उतरतं, हे मोजलेलं नसतं आणि बाजारच्या पुडीतली मुळी कुठली हेही ठरलेलं नसतं. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, या सल्ल्यात गुटीही येते, मधही येतो. सगळ्यांत कमी बोललं जातं ते धुरीबद्दल. न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा, वावडिंग, धूप टाकून बाळाला शेक देण्याची रीत पावसाळ्यात खोपोलीकडच्या दमट घरांत अजून दिसते. ऊब हवी हे खरं, पण बंद खोलीतला कोळशाचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड हे कुठल्याही शाम्पूतल्या रसायनाहून मोठं संकट आहे.

डायपर: दोन्ही प्रश्नांची गाठ

डायपरमध्ये वर पॉलिप्रॉपिलिनचा थर, खाली पॉलिइथिलीनचा, मधे लाकडाचा लगदा आणि ओल धरून ठेवणारं सोडियम पॉलिॲक्रिलेट. आरोग्याच्या बाजूनं दोन मतं आहेत. फ्रान्सच्या ॲनसेस या संस्थेनं जानेवारी 2019 मध्ये डायपरांत काही घातक रसायनं सुरक्षित मर्यादेच्या वर सापडल्याचं जाहीर केलं आणि सुधारणा मागितली. तोच प्रस्ताव युरोपीय रसायन संस्थेपुढे गेला तेव्हा 2021 मध्ये तिच्या जोखीम समितीनं धोका सिद्ध होत नाही असं मत दिलं. आपल्याकडे दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेनं बाजारातल्या डायपरांमध्ये थॅलेट्स असल्याचं दाखवलं. खेळण्यांप्रमाणे डायपरला थॅलेट्सची सक्तीची मर्यादा असावी, ही तिची मागणी आहे.

पर्यावरणाच्या बाजूनं सर्वांत उपयोगी काम ब्रिटनमधलं आहे, आणि त्याचा निकाल अनेकांना अनपेक्षित वाटेल. 2008 च्या सरकारी अभ्यासात अडीच वर्षं टाकाऊ डायपर वापरले तर सुमारे 550 किलो कार्बन डाय-ऑक्साइडइतका भार, आणि कापडी लंगोट सरासरी पद्धतीनं धुतले तर 570 किलो, असं उत्तर आलं. म्हणजे बरोबरीच. पण पूर्ण भरलेल्या मशीनमध्ये धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा भार 40 टक्क्यांनी घटतो. 2023 च्या नव्या ब्रिटिश अभ्यासात कापडी लंगोट हवामानाच्या हिशेबात सुमारे 25 टक्के सरस ठरले. सगळं धुण्या-वाळवण्यावर आहे.

हा हिशेब खोपोलीला लावला तर तो ऋतूप्रमाणे बदलतो. ऑक्टोबर ते मे इथे ऊन भरपूर. गार पाणी, हातानं धुणं, दोरीवरचं वाळवण: कापडाइतकं स्वस्त आणि हलकं काहीच नाही. जून लागला की बोरघाटाच्या पायथ्याला ढग उतरतात आणि वलणीवरची दुपटी दोन-दोन दिवस ओली राहतात. ओलसर लंगोटानं बुरशीचं पुरळ उठतं. त्या चार महिन्यांत रात्रीपुरता डायपर वापरणाऱ्या आईला निसर्गद्रोही म्हणणं चुकीचं होईल. मधला मार्ग म्हणून शोषक आतल्या थराचे, बटणाचे नवे कापडी लंगोट आले. मुंबईत सुरू झालेली सुपरबॉटम्स ही त्यातली माहितीची कंपनी. हे लंगोट सुरुवातीला महाग पडतात, पुढे वसूल होतात. पण जाड असल्यानं पावसात तेच सर्वांत उशिरा वाळतात.

मग वापरलेला डायपर जातो कुठे? दिवसाला पाच धरले तर दोन वर्षांत एका बाळाचे 3,650 होतात. 2016 च्या घनकचरा नियमांनी ते गुंडाळून वेगळे द्यावेत असं सांगितलं आणि गुंडाळायच्या पिशव्या उत्पादकांनी पुरवाव्यात असंही. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं पुडीवर लाल ठिपका काढायची ‘रेड डॉट’ मोहीम चालवली, कारण तो कचरा उघडणारे हात कुणाचे तरी असतात. शहरात निदान घंटागाडी येते. घाटाखालच्या वाड्या-पाड्यांत ती जिथे जात नाही, तिथे डायपर जाळला जातो नाही तर ओढ्यात टाकला जातो. जाळला की धूर त्याच बाळाच्या घरात. ओढ्यातून तो पाताळगंगेत, जिचं नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आलेलं आहे. उत्पादकांनी खर्च उचलावा की नगरपरिषदेनं, ही चर्चा अजून कागदावर आहे. ‘कंपोस्टेबल’ डायपरही हा पेच सोडवत नाहीत. त्यांना औद्योगिक कंपोस्टची सोय लागते आणि ती जवळपास नसेल तर ते इतरांसारखेच कचऱ्यात पडून राहतात.

लेबलावर किती विसंबायचं

पर्यावरणस्नेही वस्तूंसाठी मातीच्या मडक्याचं चिन्ह असलेली सरकारी ‘इकोमार्क’ योजना 1991 पासून आहे. ती बाजारात जवळजवळ दिसलीच नाही; 2024 मध्ये तिचे नवे नियम आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं खोट्या हरित दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली: ‘हरित’, ‘शुद्ध’, ‘पर्यावरणस्नेही’ असं मोघम लिहायचं असेल तर पुरावा द्यावा लागेल.

कपड्यांत गोंधळ अधिक आहे. अपायकारक ॲझो रंगांवर आपल्याकडे नव्वदच्या दशकात बंदी आली, हे मोठं काम होतं आणि ते लोकांना ठाऊकही नाही. सेंद्रिय कापसाच्या बाबतीत मात्र 2020 मध्ये जीओटीएस या आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेलाच भारतातल्या 20,000 टन कापसाचे खोटे दाखले सापडले. विदर्भात प्रामाणिकपणे सेंद्रिय कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचं यात जे नुकसान झालं, त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. पुष्कळदा धुतलेलं जुनं मऊ सुती कापड हे नव्या ‘ऑरगॅनिक’ झबल्याइतकंच, काही वेळा त्याहून चांगलं असतं: त्यातले सुटे रंग आणि खळ आधीच निघून गेलेली असते. शेजारणीकडून आलेलं झबलं कमीपणाचं मानू नये.

वस्तूंच्या पलीकडे

खालापूर तालुक्यात या चर्चेला आणखी एक बाजू आहे, जी शहरी मासिकांत क्वचित येते. रसायनीला हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीचा कारखाना डीडीटी बनवत असे. मलेरियाशी लढायला ते डीडीटी देशाला हवं होतं, आणि तेच आईच्या दुधापर्यंत पोचणाऱ्या चिवट रसायनांपैकी एक आहे. इथल्या बाळाच्या शरीरात काय जातं, हे शाम्पूच्या बाटलीवरून पूर्ण कळणार नाही. कारखान्यांची हवा, द्रुतगती मार्गाची वाहनं, चुलीचा धूर, घरातली धूळ या सगळ्यांचा वाटा त्यात आहे. तरी आईचं दूध थांबवू नका, त्याचे फायदे कितीतरी मोठे आहेत, यावर जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञ ठाम आहेत.

डासांचंही तसंच. घाटाखाली पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाची भीती खरी आहे. पण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असताना डॉ. संदीप साळवी यांनी सांगितलं होतं की बंद खोलीत जळणारी एक कॉइल सुमारे शंभर सिगारेटींइतका सूक्ष्म धूर सोडते. मच्छरदाणीला हा दोष नाही.

अजून न सुटलेलं

अनेक रसायनांचे छोटे-छोटे डोस एकत्र आले की काय होतं, हा विज्ञानाचा सर्वांत मोठा उघडा प्रश्न आहे. मर्यादा एकेका पदार्थाची ठरते, बाळाला मात्र सगळे एकदम मिळतात. जबाबदारी कुणाची, यावर दोन भूमिका आहेत. ग्राहक जागरूक झाला की बाजार सुधारतो, असं एक पक्ष मानतो. बंगळुरू-मुंबईच्या नव्या कंपन्या त्याच जोरावर उभ्या राहिल्या. दुसरा पक्ष म्हणतो की दुकानात उभ्या असलेल्या आईला प्रयोगशाळा व्हायला सांगू नका. घातक वस्तू दुकानापर्यंत पोचताच कामा नये. पेट्रोलमधलं शिसं आईच्या निवडीनं गेलं नाही, नियमानं गेलं. याबाबत माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, तरी पहिल्या बाजूच्या दबावाशिवाय नियम क्वचितच झाले, हेही खरं.

सरकार स्वतःही बाळाच्या वस्तू निवडतं. फिनलंड 1938 पासून नव्या आयांना बाळाच्या कपड्या-अंथरुणांची पेटी देतं. महाराष्ट्रानं 2019 मध्ये सरकारी दवाखान्यात पहिलं बाळंतपण झालेल्या मातांसाठी सुमारे 2,000 रुपयांची ‘बेबी केअर किट’ आणली: कपडे, लंगोट, गादी, मच्छरदाणी, तेल, शाम्पू, खुळखुळा. मच्छरदाणी आणि गादीवर कुणाचा आक्षेप नसेल. शाम्पू खरंच हवा का, त्याऐवजी स्टीलची वाटी आणि दोन डझन सुती लंगोट द्यावेत का, खुळखुळ्यावर आयएसआय चिन्ह आणि तेल नारळाचं ही अट निविदेत असावी का, यावर बालरोगतज्ज्ञ आणि अंगणवाडी सेविका यांना एकत्र बसवता येईल. एवढ्या मोठ्या खरेदीनं बाजाराची किंमत आणि गुणवत्ता दोन्ही हलू शकतात.

रक्तातल्या शिशाच्या तपासणीवरही एकमत नाही. अंगणवाडीत बाळाचं वजन-उंची नियमित मोजतात, शिसं नाही. ते सरकारी बालतपासणीचा नेहमीचा भागच नाही. किमान कारखान्यांजवळच्या तालुक्यांत ती सुरू करावी, असं काही तज्ज्ञ म्हणतात. इतर म्हणतात की आधी रक्तक्षयावर पैसा खर्च करा. पण लोह कमी असलेल्या मुलाचं शरीर शिसं जास्त शोषतं, आणि कातकरी-ठाकर वाड्यांमधल्या मुलांपुढे रक्तक्षय आणि धूर दोन्ही एकदम आहेत. त्यामुळे दोन्ही कामांचे पैसे वेगळ्या खात्यांतून आले तरी तपासणीसाठी टोचायचं बोट एकच आहे.